कोणता पाटीलपाडा?

डोंबिवलीकराला पूर्व आणि पश्चिम या दिशा नसतात, रेल्वेच्या दोन बाजू असतात. उत्तर म्हणजे कल्याण आणि दक्षिण म्हणजे दादर. एवढ्या भांडवलावर मी ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. भिंतीवर नकाशा टांगला की मी दिशांचा बादशहा. ‘उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा, डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण’ हे मी अशा आवाजात सांगायचो की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा दचकून उभी राहायची. शाळा सुटल्यावर मात्र फाटकाशी क्षणभर घुटमळायचो आणि ज्या बाजूला जास्त मुलं वळतील त्या बाजूला वळायचो.

हे गुपित घरात फक्त हिला माहीत होतं. म्हणजे हिच्या बहिणीला माहीत होतं. म्हणजे आमच्या साडूंना माहीत होतं. आणि साडू रेल्वेत गार्ड होते, म्हणजे कल्याणपासून कसाऱ्यापर्यंत ते गुपित उरलेलं नव्हतं.

तर मी निवृत्त झालो आणि टोरांटोच्या चिरंजिवांनी तिथूनच फोनवर बोटं फिरवून आम्हा चौघांसाठी तीन दिवसांचं मोटारहोम ठरवलं. ड्रायव्हरसकट. ‘बाबा, घरच तुमच्याबरोबर येणार. हॉटेल शोधायला नको, काही नको.’ २०२१ साली राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं तेव्हा पेपरात वाचून मीच त्याला कौतुकानं सांगितलं होतं. आपलं कौतुक असं अंगावर येतं.

मोटारहोम म्हणजे काय, तर ट्रॅव्हलर गाडीच्या पोटात वन-रूम-किचन. आमचा संसार ज्या खोलीत सुरू झाला तिच्यापेक्षा ते फार लहान नव्हतं, आणि तिथं संडास चाळीच्या टोकाला होता, इथं तो फ्रीजला लागून. त्यावर हिचं आणि मेहुणीचं एकमत झालं की त्याचं दार तीन दिवस उघडायचंच नाही. टपावर एसी, त्यामागे टीव्हीची ताटली, सिंकखाली सव्वाशे लिटरची टाकी. समोरच्या काचेवर आतून एक चिठ्ठी डकवलेली: ‘उंची ९ फूट ८ इंच. लक्षात ठेवा.’ ती आम्ही सगळ्यांनी वाचली. ज्यांनी वाचायला हवी होती त्यांना वाचता येत नव्हतं.

ते म्हणजे रस्ता दाखवणारे. ते तीन होते. एक गाडीच्या डॅशबोर्डवरच बसवलेलं यंत्र. ते हिंदीत, पुरुषी आवाजात बोले आणि त्याच्या पोटातला नकाशा बऱ्याच वर्षांपूर्वीचा असावा, कारण नव्या पुलावरून जाताना ते आम्हाला खाडीत दाखवे. दुसरा ड्रायव्हरचा फोन, इंग्रजी. तिसरा माझा. माझ्या फोनवरची बाई मराठी बोलायची, पण अशी, की लहानपणीच परदेशी दत्तक गेली असावी. दहावीच्या तोंडी परीक्षेत मी तिला उच्चाराला शून्य आणि आत्मविश्वासाला दहापैकी दहा दिले असते.

पहिली चकमक निघायच्या आधीच झाली. मी ‘जव्हार’ लिहिलं की फोन त्याचं ‘जवाहर’ करायचा, आणि महाराष्ट्रात एखादं जवाहरनगर किंवा जवाहर चौक नाही असं शहर शोधून काढावं लागेल. तिसऱ्या खेपेला त्यानं जव्हार मान्य केलं. मग भिवंडी ओलांडल्यावर इंग्रजी बाई म्हणाली, वड्याच्या दिशेनं सरळ जात राहा. ती वाड्याविषयी बोलत होती. पण गाडीत चार भुकेली माणसं होती, आणि मेहुणीनं ते शब्दशः घेऊन पहिल्याच टपरीशी गाडी थांबवायला लावली. यंत्राची एवढी एकच आज्ञा त्या दिवशी बिनतक्रार पाळली गेली.

वाड्याच्या रस्त्याला दुतर्फा वीटभट्ट्या आहेत. संक्रांत नुकतीच झाली होती, भट्ट्या पेटलेल्या होत्या. हिनं नाकाला पदर लावला आणि काच वर केली. ‘एसी लावा हो,’ म्हणाली. एसी लावला.

जव्हारला दुपारी पोहोचलो. हे पालघर जिल्ह्यातलं संस्थानी गाव, मुकणे राजांचं, दीडेक हजार फुटांवर. त्याला मिनी महाबळेश्वर म्हणतात; ते म्हणणाऱ्यांचा जव्हारवर राग असावा, कारण इथं दुकानदार हाका मारत नाहीत. जयविलास राजवाडा पाहिला, छान आहे. सूर्यास्त पाहिला, तोही. दाभोसा धबधब्याची जानेवारीत नुसती शेंडी उरते. शिरपामाळावर शिवाजी महाराज १६६४ च्या जानेवारीत सुरतेच्या वाटेवर थांबले होते, आणि जव्हारच्या विक्रमशहा राजांनी तिथं त्यांच्या शिरपेचात तुरा खोवला, असं सांगतात. महिना तोच. तिथून महाराज न चुकता सुरतेला पोहोचले, एवढंच मी नोंदवून ठेवतो.

एक दंतकथा मात्र मला फार आवडली, कारण ती माझ्या विषयातली आहे. संस्थानचा मूळपुरुष जयबा मुकणे याने म्हणे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. समोरच्यानं हसत हो म्हटलं. जयबानं कातडं सोलपटून त्याच्या दोऱ्यासारख्या बारीक वाद्या काढल्या, त्या टोकाला टोक जोडल्या आणि त्यांनी घेरलेला मुलूख आपला केला. भूमापन ते भूमापन आणि वर राज्य. मी साडूंना म्हटलं, ‘बघा, भूगोल कळला की काय होतं.’ साडू म्हणाले, ‘त्याला कळला होता.’

दुसऱ्या दिवशी मोखाडा. माझे एक जुने स्नेही तिकडच्या आश्रमशाळेतून निवृत्त होऊन तिथंच राहिलेत. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, ‘अहो, सोपं आहे, मोखाड्याच्या अलीकडे पाटीलपाडा विचारा.’ ‘विचारा’ हे क्रियापद मी गाळलं. पाटीलपाडा हे नाम तेवढं घेतलं आणि फोनमध्ये घातलं.

इथं थोडा भूगोल सहन करावा लागेल. या तालुक्यांत गाव म्हणजे एका जागी घरांचा पुंजका नसतो. गावाचं नाव तलाठ्याच्या दप्तरात असतं आणि माणसं पाड्यांवर असतात. इथं दहा घरं, डोंगरसोंडेपलीकडे पंधरा, ओढ्याकाठी सहा. पाड्यांची नावंही घरगुती: वरचापाडा, खालचापाडा, कुंभारपाडा आणि पाटीलपाडा. शेजारच्यांना ओळखू आलं की झालं. टोरांटोहून कोणी यंत्रात शोधील, हे नाव ठेवणाऱ्यांच्या मनातही नव्हतं. पालघर जिल्ह्यात एकूण पाटीलपाडे किती ते मला सांगता येणार नाही. फोननं एकाखाली एक दाखवायला सुरुवात केली आणि माझा अंगठा दुखायला लागला. त्यातला मोखाड्याच्या अलीकडचा, सगळ्यात जवळचा, मी निवडला. मराठी बाई आनंदानं म्हणाली, ‘चला सुरू करूया.’

जव्हार ते मोखाडा वीस-पंचवीस किलोमीटर. राष्ट्रीय महामार्ग आहे. मैलाचे दगड पिवळ्या टोपीचे. दगडाची टोपी पिवळी म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवी म्हणजे राज्य महामार्ग, नारिंगी म्हणजे प्रधानमंत्री ग्रामसडक योजना. हे मी दर वर्षी एका मार्काला विचारायचो. निम्म्या वाटेत बाई म्हणाली, ‘उजवीकडे वळा.’ ड्रायव्हरनं माझ्याकडे पाहिलं. अबोल पोरगा होता, भिवंडीचा. ‘काका, वळू?’ मी म्हटलं, ‘वळ.’ वळल्याबरोबर पहिला दगड दिसला. नारिंगी.

‘विचारा हो कुणाला तरी,’ ही म्हणाली.

‘उपग्रह काय खोटं सांगतील?’ मी म्हटलं.

रस्ता डांबरी होता, पण ग्रामसडक ती, रुंदी पावणेचार मीटर. समोरून एक मोटारसायकल आली तर आम्ही दोघंही पाहुण्यासारखे ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत राहिलो. शेवटी त्या गृहस्थाला काच खाली करून मी विचारलंच, म्हणजे विचारल्यासारखं केलं: ‘पाटीलपाडा हाच ना?’ प्रश्न असा टाकला की समोरच्याला ‘हो’ म्हणण्यावाचून गत्यंतर नसतं. ‘हो,’ तो म्हणाला, ‘इथंच तर आहे.’

‘इथंच तर आहे’ हे या भागातलं लांबीचं एकक आहे. त्याचे किलोमीटर किती, ते विचारणाऱ्याच्या तोंडावरच्या थकव्यावर ठरतं. आपण जास्त दमलेले दिसलो तर अंतर कमी होतं. हा माणुसकीचा भाग झाला, पण भूगोलाचा नाही. पुढं एका म्हाताऱ्यानं सरळ जायला सांगितलं, शाळकरी पोरांनी मागं जायला सांगितलं, आणि एका बाईनं आधी गाडीकडे आणि मग आमच्याकडे बघून ‘ही गाडी?’ एवढंच विचारलं. चौघांत बरोबर तीच होती. यंत्र खोटं आणि माणसं खरी, असं काही मी सांगणार नाही. त्या दिवशी सगळेच भरवशानं चुकत होते, आणि भरवसा सगळ्यांत जास्त माझा होता.

डांबर संपलं, खडी लागली. खडी संपली, लाल माती लागली. एका मोरीवर गाडीचं ढुंगण इतकं खाली टेकलं की आतल्या कपाटातून स्टीलचे डबे शिस्तीत बाहेर आले. मग वरून खर्रर्र असा लांबलचक आवाज झाला. नऊ फूट आठ इंच. आंब्याच्या फांदीनं टीव्हीची ताटली टपावरून उचलून घेतली आणि आपल्याजवळ ठेवली. साडू मागच्या काचेतून म्हणाले, ‘सिग्नल गेला.’ नेमकं त्याच क्षणी माझ्या फोनचं नेटवर्कही गेलं.

आता इथं एक गंमत आहे, आणि मला ती खरोखर गंमत वाटते म्हणून सांगतो. नेटवर्क गेलं तरी फोनला आपण कुठं आहोत ते कळत असतंच. वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकी चारांचे संदेश मिळाले की त्याला स्वतःची जागा काढता येते; त्याला मोबाइलचा मनोरा लागत नाही. मनोरा लागतो तो नकाशासाठी. म्हणून पडद्यावर रस्ते गेले, नावं गेली, नद्या गेल्या, आणि एका कोऱ्या करड्या कागदावर आमचा निळा ठिपका टुकूटुकू पुढं सरकत राहिला. मी ३१ वर्षं पोरांपुढे महाराष्ट्राचा कोरा नकाशा टाकून ‘भरा’ म्हणत आलो. त्या दिवशी तो माझ्यापुढे टाकला गेला.

तरी मी हरलो नव्हतो. बॅगेत सर्वे ऑफ इंडियाचा कागद होता, ४७ ई मालिकेतला, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. १८०२ साली मद्रासजवळ लॅम्बटननं जमिनीवर साखळ्या टाकून त्रिकोणमितीचं मोजमाप सुरू केलं, त्या घराण्यातला हा कागद. मी तो सिंकवर पसरला. त्यावर आमचा रस्ता नव्हता. होती ती तुटक रेघ. तुटक रेघ म्हणजे पायवाट. मला एकदम त्या कागदाविषयी आदर वाटला. पायवाटेला रस्ता म्हणायचं नाही, ती तुटक काढायची, एवढी सभ्यता त्या जुन्या लोकांपाशी होती. फोनमधल्या बाईजवळ तुटक असं काहीच नाही. पायवाट असो, बैलगाडीची चाकोरी असो की महामार्ग, तिची रेघही तीच आणि आवाजही तोच. ‘मला नक्की माहीत नाही’ हे वाक्य तिला कुणी शिकवलेलंच नाही.

मलाही नव्हतं शिकवलं. एका वर्षी बांधकाम मजुराचा पोरगा अध्येमध्ये वर्गात यायचा. त्यानं भिंतीवरच्या नकाशात बराच वेळ बोट फिरवलं आणि विचारलं, ‘सर, आमचा पाडा कुठाय?’ मी म्हटलं होतं, ‘नकाशात नाही म्हणजे लहान असेल. बस खाली.’ तो बसला. मग यायचाच बंद झाला. हे मला तिथं, सिंकपाशी उभं असताना का आठवावं, मला कळलं नाही. मी कागदाची घडी घातली. ती घडीही नीट पडेना.

आणि मग पाडा आला. म्हणजे एका शेणानं सारवलेल्या अंगणात रस्ताच घुसला आणि संपला. समोर कारवीच्या कुडाचं घर, बाजूला उंबर, उंबराखाली खळं, पलीकडे दांडा नसलेला हातपंप. अंगणात एक कोंबडी आमच्याकडे एका डोळ्यानं बघत होती. नेटवर्क गेलं तरी बाईनं एक वाक्य राखून ठेवलं होतं. म्हणाली, ‘आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात.’

साडू म्हणाले, ‘प्लॅटफॉर्म कोणत्या बाजूला?’

ड्रायव्हरनं गाडी जरा मागं घेतली, तर मागचं डावं चाक बांधावरून भाताच्या खाचरात उतरलं. खाचर वरून सुकं होतं, आतून नव्हतं.

पाच मिनिटांत अंगणात रांग लागली. मला वाटलं मदतीला आलीत. पण रांगेत बायका होत्या, कडेवर पोरं होती, एका आजीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत जुने केसपेपर होते. पांढरी मोठी गाडी, बाजूला निळा पट्टा: या भागात अशी गाडी एकच असते, ती म्हणजे फिरता दवाखाना. ‘डागदर कोण?’ आजीनं विचारलं. सगळ्यांच्या नजरा माझ्या चष्म्याकडे वळल्या.

‘मी डॉक्टर नाही हो,’ मी म्हटलं.

‘मग ती खोली कशाला आणली?’

मला उत्तर सुचेना. आम्ही झोपायची खोली, मोरी आणि संडास बरोबर घेऊन फिरायला आलोय, हे तिथं सांगायला फार अवघड गेलं असतं. हिनं गाडीचं दार उघडून त्या बायकांना आतच घेतलं. फ्रीजचं कोणाला काही वाटलं नाही. सिंकचा नळ सोडला तेव्हा मात्र सगळ्या गप्प झाल्या. एकीनं खाली वाकून टाकी पाहिली आणि म्हणाली, ‘आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो. तुम्ही टँकरलाच घर बांधलं.’

या मोखाडा तालुक्यात पाऊस असा पडतो की छत्रीनं हात टेकावेत. मध्य वैतरणेचं धरण इथलंच, कोचाळ्याजवळचं, २०१४ साली पुरं झालं. त्याचं पाणी मुंबईला जातं. आणि पाड्यावरच्या हातपंपाला दांडा नाही. हे भूगोलाच्या पुस्तकात ‘पर्जन्यमान: जास्त’ या एका ओळीत संपतं, आणि मी ती ओळ फळ्यावर लिहून खाली रेघ मारत असे.

गाडी ढकलायला माणसं जमा झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं. म्हातारे होते, बायका होत्या, पोरं होती. तरणा गडी एकही नव्हता. दोन घरांच्या दारांना दोरी बांधलेली होती. ‘कुठं गेले सगळे?’ साडूंनी विचारलं. ‘भट्टीला,’ आजी म्हणाली, जसं आपण ‘ऑफिसला’ म्हणतो. दिवाळी झाली की जातात, पाऊस आला की येतात.

मग साडूंनी सूत्रं हाती घेतली. रेल्वेनं जानेवारी २०२२ मध्ये गार्डाचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं, ते हे निवृत्त झाल्यावर. ते शल्य त्यांच्या मनात आहे आणि शिट्टी खिशात. त्यांनी पोरांना मागं डावीकडे लावलं, म्हाताऱ्यांना उजवीकडे, बायकांना चाकाखाली पेंढा आणि दगड सारायला. मला त्यांनी ‘तुम्ही फक्त उत्तरेला उभे राहा’ असं सांगितलं. मी जिथं उभा राहिलो तिथून आजीनं मला हाताला धरून हलवलं. मग हिरवा रुमाल हलला, शिट्टी वाजली, सगळ्यांनी ‘हेऽऽ’ केलं आणि गाडी तसूभर हलून परत बसली. दुसरी शिट्टी. तिसरी. पोरांना गाडीपेक्षा शिट्टीचाच नाद लागला. पाचव्या शिट्टीला चाक बांधावर चढलं, आणि वळायला दुसरी जागाच नव्हती म्हणून गाडी आजीच्या खळ्यावर चढली. चोपून, सारवून गुळगुळीत केलेलं ते खळं, त्यावर टायरच्या दोन नळ्या उमटल्या. मी माफी मागायला गेलो. आजी म्हणाली, ‘राहू दे. सारवीन.’

तिची गाडीकडे नजर वेगळ्या कारणानं होती. तिच्या नातवाचा कान दोन रात्री ठणकत होता. पोरगा सहा-सात वर्षांचा, ताप होता, हूं की चूं करत नव्हता. आईबाप भट्टीवर. आता मला १९९२-९३ आठवलं. जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणानं पोरं दगावली, महिनोन्‌महिने पेपर त्यानंच भरलेले असत. मी तेव्हा तरुण मास्तर होतो. ‘चालू घडामोडी’ म्हणून ती कात्रणं मी वर्गात चिकटवली होती. वर्ष संपल्यावर शिपायानं काढून टाकली.

ही म्हणाली, ‘मोखाड्याला सरकारी दवाखाना आहे ना? चला.’ तिनं कुणाला विचारलं नाही. पोराला घेऊन ती मागच्या बर्थवर बसली. आजीला मी पुढं, माझ्या जागेवर बसवलं.

इतकी अवघड वाटाडी मी जन्मात पाहिली नाही. तिला तो मुलूख डोळे मिटून माहीत होता, पण पायांनी. ‘इथून उतर,’ ती म्हणायची, आणि ड्रायव्हर बघायचा तर सरळ दरी. ‘अरे, उतरलं की मोखाडा!’ खरंही असेल. डावं-उजवं ती म्हणतच नसे. वरचं अंग, खालचं अंग, उगवती, मावळती. ड्रायव्हर रडकुंडीला आला आणि माझ्याकडे पाहायला लागला. मी, ३१ वर्षांत पहिल्यांदाच, काचेतून मान बाहेर काढून सूर्य कुठाय ते खरोखर पाहिलं. ‘उगवती म्हणजे डावीकडे,’ मी म्हटलं. ड्रायव्हरनं गाडी डावीकडे घेतली आणि पुढच्या वळणाला डांबर लागलं. मागून कुणी काही बोललं नाही. साडूही नाही.

डांबरावर आल्यावर फोन जिवंत झाला, बाई बोलायला लागली. आजी दचकली. मग नीट ऐकून म्हणाली, ‘हिला समदं दिसतं?’

‘बरंच दिसतं.’

‘भट्टी दिसते का?’

‘कुठली भट्टी?’

‘शेटची. भिवंडीच्या अंगाला.’

मी ‘वीटभट्टी’ लिहिलं. पडद्यावर लाल टाचण्याच टाचण्या उगवल्या, भिवंडीपासून वाड्यापर्यंत. त्यांना फोन नंबर होते, तारे होते, उघडी-बंदच्या वेळा होत्या. आजीनं पडद्याला बोट लावलं, तर नकाशा सरकून भलतीकडेच गेला. ती घाईनं हात मागं घेत म्हणाली, ‘पुसलं का माझ्यानं?’

दवाखान्यात पोराचा कान पाहिला, औषध दिलं, रात्रभर ठेवा म्हणाले. आजीची बहीण मोखाड्यातच होती. उद्याच्या एसटीनं जाईन, आजी म्हणाली. निघताना तिनं कमरेच्या ओच्यातून नागलीच्या पिठाची पुरचुंडी काढली. मला वाटलं आम्हाला. मी ‘कशाला, कशाला’ म्हणत हात पुढं केला. ‘तुम्ही भिवंडीवरनं जाणार ना? पोराला द्या माझ्या. पोरगा बरा आहे सांगा.’ मुलाचं नाव तिनं दोनदा सांगितलं. हिनं ते हातावर पेनानं लिहून घेतलं.

स्नेह्यांचा पाटीलपाडा रात्री नवाला सापडला. मोखाड्याच्या अलीकडेच, अगदी रस्त्याला लागून होता. ते कंदील घेऊन उभे होते. ‘अहो, विचारायचं ना कुणाला!’ एवढंच म्हणाले. हिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी देवबांधचा गणपती आणि सूर्यमाळ झालं. सूर्यमाळला हवा फार छान आहे, असं बाकीचे तिघं म्हणतात. मी गाडीतच होतो, ताटलीचे पैसे कोण भरणार यावर मालकाशी फोनवर बोलत.

परतीला वाड्यानंतर भट्ट्या सुरू झाल्या. हिनं काच खाली केली. पहिल्या भट्टीवर कच्च्या विटांच्या रांगा उन्हात घातलेल्या, मधून बायका डोक्यावर विटा घेऊन जात होत्या, आणि विटांवर विटा नुसत्या रचून केलेली, कमरेएवढ्या दारांची खोपटं. मी पुरचुंडी घेऊन उतरलो. मुकादम पुढं आला. मी हिच्या हातावरचं पुसट होत चाललेलं नाव वाचून दाखवलं.

‘कुठला?’

‘जव्हारकडचा.’

‘सगळे तिकडचेच. पाडा कोणता?’

‘पाटीलपाडा.’

‘कोणता पाटीलपाडा?’

मी उगवतीकडे तोंड करून उभा राहिलो. ‘मोखाड्याला असं तोंड केलं की उजव्या हाताला. खालच्या अंगाचा. हातपंप आहे, त्याला दांडा नाही. उंबराखाली खळं आहे, त्यावर टायरच्या खुणा आहेत.’

मुकादमानं टायरच्या खुणांवर जरा विचार केला. ‘हातपंपाचा होय! ती माणसं पुढच्या भट्टीवर.’

‘किती लांब?’

‘इथंच तर आहे.’

मी गाडीत येऊन बसलो. साडूंनी शिट्टी काढली.